शिंपल्यांतील कस्तुरी : चेन्नईचा किनारा आणि कृत्रिम सुगंधद्रव्यांचा साठा

साबण, धुण्याची पावडर, कपडे मऊ राखणारी द्रव्ये, फरशी पुसण्याची द्रावणे, शॅम्पू आणि टाल्कम पावडर यांत मिसळलेल्या सुगंधापैकी नाकापर्यंत पोहोचतो तो अंश थोडा असतो. उरलेला बराचसा भाग अंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीतून गटारात, गटारातून मैलाशुद्धीकरण प्रकल्पात किंवा थेट नाल्यात आणि तेथून नदीमुखाशी जातो. या प्रवासात सुगंधद्रव्यांतील अनेक घटक जिवाणूंकडून मोडले जातात, काही हवेत उडून जातात. परंतु त्यांतील एक वर्ग पाण्यात फारसा विरघळत नाही, लवकर मोडत नाही आणि चरबी मिळेल तेथे तिच्यात शिरून बसतो. या वर्गातील संयुगांना कृत्रिम कस्तुरी म्हणतात, आणि मासे व शिंपले यांच्या शरीरात त्यांचा जो साठा होतो, तो प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी चेन्नईचा किनारा निवडण्याचे कारण असे की, येथे एका मोठ्या शहराचे सांडपाणी तीन नद्या आणि एक कालवा यांच्या वाटे काही मोजक्या मुखांशी समुद्राला मिळते, आणि त्याच मुखांच्या आसपास आजही माणसे कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या व शिनाणी हे शिंपले गोळा करून पोट भरतात.

कस्तुरीचा मूळ स्रोत हिमालयातील कस्तुरीमृग. नराच्या पोटाखालील ग्रंथीतून मिळणारा हा पदार्थ एका मृगामागे सुमारे २५ ग्रॅम एवढाच निघतो, आणि तो मिळवण्यासाठी शतकानुशतके या प्राण्याची शिकार झाली. अत्तर तयार करणाऱ्यांना कस्तुरी हवी असते ती केवळ तिच्या वासासाठी नव्हे, तर इतर सुगंध धरून ठेवण्याच्या तिच्या गुणासाठी. हलके, लवकर उडणारे सुगंध तिच्या संगतीत जास्त काळ टिकतात. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर प्रयोग करीत असताना त्याला एका नायट्रो संयुगाला कस्तुरीसारखा वास असल्याचे आढळले, आणि तेथून नायट्रो कस्तुरींचे कुळ सुरू झाले. मस्क झायलीन, मस्क किटोन, मस्क अँब्रेट ही त्या कुळातील प्रमुख नावे. यांची रचना ट्रायनायट्रोटोल्युइन या स्फोटकाच्या जवळची आहे, आणि मृगाच्या खऱ्या कस्तुरीशी तिचे रासायनिक नाते काहीच नाही. खऱ्या कस्तुरीतील मस्कोन हा रेणू पंधरा कर्बअणूंचे मोठे कडे असलेला आहे, हे लावोस्लाव्ह रुझिच्का यांनी १९२६ साली दाखवले. अशा मोठ्या कड्यांच्या रेणूंवरील संशोधनाचा १९३९ सालच्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. मात्र हे रेणू बनवणे दीर्घकाळ फार महाग राहिले, म्हणून बाजार चालला तो स्वस्त नायट्रो कस्तुरीवर, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा घेतली ती बहुवलयी कस्तुरीने, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन-तीन कड्यांच्या रेणूंनी. गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड ही त्यांतील सर्वाधिक खपाची नावे होत. टोनालाइड पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते. गॅलॅक्सोलाइड इतके चिकट असते की ते विरळ केल्याखेरीज ओतताही येत नाही आणि म्हणून दुसऱ्या एखाद्या द्रावकात मिसळूनच विकले जाते. एकट्या युरोपात २००० साली गॅलॅक्सोलाइडचा वापर सुमारे १४०० टन होता. कस्तुरीमृगाचा जीव वाचवण्यात या कारखानदारीचा हातभार लागला, हे मान्य करूनच पुढील सर्व विवेचन वाचले पाहिजे.

ही संयुगे माशात का साठतात, हे समजण्यासाठी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखादा पदार्थ पाण्यापेक्षा तेलात किती पट अधिक विरघळतो, हे मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ तो पाणी आणि ऑक्टेनॉल या तेलकट द्रवात एकत्र हलवून दोन्हींतील प्रमाणांचे गुणोत्तर काढतात. गॅलॅक्सोलाइड आणि टोनालाइड यांच्या बाबतीत हे गुणोत्तर काही लाखांच्या घरात जाते. दुसरी संज्ञा जैवसंहती गुणांक ही आहे: स्थिर प्रमाणात पदार्थ असलेल्या पाण्यात मासा ठेवला असता त्याच्या शरीरातील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या किती पट होते, ते ती सांगते. ब्लूगिल सनफिश या गोड्या पाण्यातील माशावरील प्रयोगात गॅलॅक्सोलाइडसाठी हा आकडा सुमारे १६०० आला. पाण्यात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत, मोजावा लागणारा पदार्थ माशाच्या मांसात सहज मोजता येण्याइतका होतो तो असा. येथे जैवसंचय आणि जैवविवर्धन यांतील भेदही लक्षात ठेवावा लागतो. पाणी आणि अन्न या दोन्हींतून आलेला पदार्थ एकाच जीवात साठणे हा जैवसंचय. लहान माशाकडून मोठ्या माशाकडे, मोठ्याकडून पक्ष्याकडे जाताना प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढत जाणे हे जैवविवर्धन. डीडीटी हे कीटकनाशक दोन्ही करते. बहुवलयी कस्तुरीचे वर्तन वेगळे आहे: जपानमधील आरिआके समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात केलेल्या अभ्यासात गॅलॅक्सोलाइडचे सर्वाधिक प्रमाण अन्नसाखळीच्या टोकावरील जीवांत आढळले नाही, तर तळाशी असलेल्या तिसऱ्यांत आढळले. मासे आणि पक्षी हा रेणू काही प्रमाणात मोडून बाहेर टाकू शकतात. शिंपल्यांची ती क्षमता तोकडी असते. म्हणून या विषयात मोठ्या शिकारी माशांपेक्षा शिंपल्यांकडे आधी पाहिले पाहिजे, आणि प्रस्तुत पुस्तकाची मांडणीही त्याच क्रमाने केलेली आहे.

या साठ्याचा पहिला पुरावा सुगंध उद्योग जेथे मोठा होता त्या युरोपातून आला नाही, तो जपानमधून आला. तोक्योजवळून वाहणाऱ्या तामा नदीतील माशांमध्ये मस्क झायलीन आणि मस्क किटोन सापडल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले, आणि दोनच वर्षांत तोक्यो उपसागरातील शिंपल्यांचीही नोंद झाली. पुढे जर्मनीतील नद्या, तेथील मातांचे दूध, आणि २००५ साली कुरुंथाचलम कण्णन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून अमेरिकेच्या किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राणी, मासे आणि माणसांची चरबी, अशी ही यादी वाढत गेली.

चेन्नईची भूरचना या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेस कोसस्तलैयार नदी एन्नोरच्या खाडीतून, मध्यभागी कूवम नेपियर पुलाजवळून आणि दक्षिणेस अड्यार पट्टिनपाक्कमजवळून समुद्राला मिळते. किनाऱ्याला समांतर जाणारा बकिंगहॅम कालवा या तिन्हींना एकमेकींशी जोडतो आणि उत्तरेकडे पुलिकत सरोवरापर्यंत व दक्षिणेकडे कोवळमच्या खाडीपर्यंत पोहोचतो. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात मदतकार्य म्हणून ज्याच्या एका भागाचे खोदकाम झाले आणि ज्यातून एके काळी मालाच्या नावा जात, तो हा कालवा शहराच्या हद्दीत आज मुख्यतः सांडपाणी वाहतो, आणि त्याच्या पात्रात उभारलेल्या उन्नत रेल्वेच्या खांबांनी तो आणखी अरुंद केला आहे. पाऊस येथे मुख्यतः ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात कूवम आणि अड्यार यांच्या पात्रांत वरून येणारे गोडे पाणी नगण्य असते आणि जे वाहते ते बहुतांश शहरानेच सोडलेले असते. त्यातच किनाऱ्यालगतच्या वाळूच्या वहनामुळे नदीमुखांवर वाळूचे बांध तयार होतात, भरतीचे पाणी आत शिरत नाही आणि आतले बाहेर पडत नाही. कोकणातील खाड्यांना दिवसातून दोनदा मिळणारी मोठ्या भरतीची धुलाई येथे नाही, कारण बंगालच्या उपसागराच्या या भागात भरती-ओहोटीतील फरक जेमतेम मीटरभराचा असतो. गाळाला चिकटणाऱ्या कोणत्याही पदार्थासाठी याहून सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

सांडपाण्यासाठी शहरात कोडुंगैयूर, कोयंबेडू, नेसप्पाक्कम आणि पेरुंगुडी येथे मोठे शुद्धीकरण प्रकल्प आहेत. त्यांतील नेहमीची प्रक्रिया जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण मोडण्याची आहे आणि ते काम ती करते. कस्तुरीच्या बाबतीत मात्र पाण्यातून जे नाहीसे झाल्यासारखे दिसते, त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात मळीला, म्हणजे तळाशी बसणाऱ्या गाळाला, चिकटलेला असतो. गॅलॅक्सोलाइडचा काही भाग ऑक्सिजनशी संयोग होऊन लॅक्टोन नावाच्या नव्या रूपात पाण्याबरोबर बाहेर पडतो, आणि नायट्रो कस्तुरीतील एक नायट्रो गट जिवाणूंमुळे अमिनो गटात बदलून मूळ संयुगाहून अधिक घातक ठरू शकणारे रेणू तयार होतात. कोडुंगैयूर आणि कोयंबेडू येथे २०१९ साली प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेचे, व्युत्क्रमी परासरणाच्या पडद्यांवर चालणारे प्रकल्प सुरू झाले आणि त्यांचे पाणी उद्योगांना दिले जाऊ लागले. असे पडदे या आकाराचे रेणू मोठ्या प्रमाणात अडवतात. परंतु अडवलेले रेणू मागे उरलेल्या संहत पाण्यात असतात आणि त्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तेवढ्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे. शिवाय जे सांडपाणी कोणत्याही प्रकल्पात न जाता पावसाळी गटारांतून थेट कालव्यात उतरते, त्याला यांपैकी काहीच लागू होत नाही.

या पाण्याच्या टोकाशी जे जीव राहतात त्यांत हिरवे शिनाणे सर्वांत महत्त्वाचे. खडकाला, बंधाऱ्याच्या दगडाला किंवा बंदराच्या खांबाला रेशमासारख्या तंतूंनी ते स्वतःला बांधून घेते, जागा सोडत नाही, आणि तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून गाळून त्यातील कण खाते. त्या कणांना चिकटलेले सर्व काही त्याबरोबर आत जाते. याच गुणामुळे एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली जगभर शिनाण्यांच्या आधारे किनाऱ्यांची पाहणी करण्याची कल्पना मांडली. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील हिरव्या शिनाण्यांमधील क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचा अभ्यास १९९० सालीच प्रसिद्ध झालेला आहे. त्यात तामिळनाडूतील आणि जपानमधील शास्त्रज्ञांनी एकत्र काम केले होते. मद्रासचे नाव शास्त्रीय नावात धारण करणारी कालवंही याच खाजणांतील. पुलिकतमध्ये त्यांची शेती करून पाहण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी केले होते. मासा साफ करताना त्याची आतडी आणि कल्ले काढून टाकले जातात, परंतु शिंपला सबंध खाल्ला जातो. तिसऱ्यांची एकशिपी करताना कवचातील जीव जसा असेल तसाच पातेल्यात जातो, आणि तामिळ किनाऱ्यावरील रश्श्यातही तेच होते. गाळण्याचे अवयव, पोटातील कण आणि चरबी यांसह.

कस्तुरीच्या संदर्भात भारतीय शिनाण्यांचा उल्लेख २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आशिया-पॅसिफिक पाहणीत येतो. हारुहिको नाकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह आशियातील अनेक देशांच्या आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या शिनाण्यांत कृत्रिम कस्तुरी मोजली, तेव्हा गॅलॅक्सोलाइडचे प्रमाण जपान आणि कोरियाच्या किनाऱ्यांवर ठळकपणे अधिक आढळले. हा निष्कर्ष भारतासाठी दिलासा मानण्याची घाई करू नये, कारण ही तुलना त्या काळच्या दरडोई वापराची आहे. कपडे मऊ राखणाऱ्या सुगंधी द्रवांची आणि धुतल्यानंतर कित्येक दिवस वास टिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या पावडरींची भारतीय बाजारपेठ त्यानंतर ज्या वेगाने वाढली, त्याची कल्पना कोणत्याही किराणा दुकानाच्या फळीवरून येते. घरातील स्वच्छता-द्रव्ये तामिळनाडूच्या पाण्यात कोणत्या थराला पोहोचू शकतात, याचा एक शेजारचा दाखलाही उपलब्ध आहे: साबण आणि टूथपेस्टमधील ट्रायक्लोसन हा जंतुनाशक पदार्थ कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या नद्यांत मोजला गेला, तेव्हा ताम्रपर्णीतील कमाल प्रमाण लिटरमागे सुमारे ५ मायक्रोग्रॅम आढळले, आणि नदीसाठी हा आकडा जगातील मोठ्या आकड्यांत मोडणारा होता. ट्रायक्लोसनही कस्तुरीप्रमाणेच चरबीत विरघळते आणि त्याच मोरीतून त्याच नदीत जाते.

या रेणूंमुळे नेमके काय बिघडते, याविषयी प्रामाणिकपणे बोलायचे तर दोन टोके टाळावी लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ साली गॅलॅक्सोलाइडचे मूल्यमापन करून जलचरांना असलेला धोका कमी असल्याचा निर्वाळा दिला, आणि मासळी खाणाऱ्या माणसाला या एका रेणूमुळे तातडीने विषबाधा होईल असे मानण्यास कोणताही आधार नाही. दुसरीकडे, टिल लुकेनबाख आणि डेव्हिड एपेल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग विचार करायला लावतात. प्रत्येक पेशीच्या पटलात परक्या, त्रासदायक रेणूंना बाहेर ढकलणारे प्रथिनांचे पंप असतात; कॅलिफोर्नियातील शिनाण्यांच्या कल्ल्यांना कृत्रिम कस्तुरीचा संपर्क घडवला असता हे पंप बंद पडले, आणि कल्ले स्वच्छ पाण्यात परत ठेवल्यानंतरही एक-दोन दिवस ते पूर्ववत झाले नाहीत. याचा अर्थ कस्तुरी स्वतः सौम्य असली तरी ती इतर विषांना दार उघडे करून देऊ शकते. एन्नोरच्या खाडीला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो, कारण तेथे शिनाण्याला एकट्या कस्तुरीला तोंड द्यावे लागत नाही: औष्णिक वीजकेंद्रांची राख, मणलीच्या औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी, २८ जानेवारी २०१७ रोजी कामराजर बंदराबाहेर झालेल्या जहाजांच्या टकरीतील तेल आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुरात खाडीभर पसरलेले तेल, हे सर्व त्याच चिखलात आहे. एकेका रसायनाचा स्वतंत्र धोका मोजून प्रत्येकाला निर्दोष ठरवणारी पद्धत अशा ठिकाणी अपुरी पडते, हे येथे ठामपणे नोंदवणे अगत्याचे वाटते. आणखी एक गोष्ट अशी की, काही महिन्यांत मोडणारा पदार्थही रोज नव्याने सोडला जात असेल, तर त्या पाण्यातील जीवाच्या दृष्टीने तो कधीच न मोडणाऱ्या पदार्थासारखाच असतो. शास्त्रज्ञ याला आभासी चिरस्थायित्व म्हणतात. तेलगळती थांबते, तिचे पंचनामे होतात, मच्छीमारांना भरपाई मागता येते. धुण्याच्या पाण्याला सुट्टी नसते आणि त्याचा पंचनामाही होत नाही.

कायद्याची स्थिती पाहता, युरोपीय संघाने मस्क झायलीनला अतिशय चिरस्थायी व अतिशय जैवसंचयी ठरवून २००८ साली चिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले आणि ऑगस्ट २०१४ पासून विशेष परवानगीशिवाय त्याचा वापर बंद केला. मस्क अँब्रेट त्याआधीच मज्जातंतूंवरील परिणाम आणि उन्हात त्वचेवर उठणारे चट्टे यांमुळे सौंदर्यप्रसाधनांतून बाद झाले होते. भारतात सांडपाणी प्रकल्पांसाठी २०१७ साली अधिसूचित झालेली मानके आम्लता, जैविक ऑक्सिजन मागणी, तरंगते घन कण आणि विष्ठेतील जिवाणू यांपुरती आहेत. मासळीतील दूषितांच्या राष्ट्रीय मर्यादांत पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू येतात, कस्तुरी येत नाही. आणि वेष्टनावर सुगंध एवढाच शब्द छापला की आतील डझनावारी घटकांची नावे सांगण्याची गरज सामान्यतः उरत नाही. ज्याचे नाव वेष्टनावर नाही, त्याचा शोध प्रयोगशाळेने कोणत्या आधारावर घ्यावा, हा अडसर केवळ तांत्रिक नाही.

तांत्रिक अडसरही आहेतच. शिनाण्याचे मांस वाटून, गोठवून कोरडे करून, द्रावकात त्यातील चरबी काढून, मग त्या चरबीपासून कस्तुरी वेगळी करून वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्या साहाय्याने ती ओळखावी लागते. आणि या सर्व कामात सर्वांत मोठा धोका प्रयोगशाळेतील माणसाचाच असतो. हातावरील साबण, कपड्यांना लागलेल्या पावडरीचा वास, फरशी पुसलेल्या द्रवाची वाफ यांतील कस्तुरी नमुन्यात उतरते आणि आकडा फुगवते. म्हणून असे काम करणाऱ्यांना सुगंधी साबण वर्ज्य असतो, काचेची भांडी भट्टीत तापवून घेतली जातात आणि प्रत्येक नमुन्यांच्या गटाबरोबर मांस न घातलेला कोरा नमुना चालवला जातो. प्रमाण चरबीच्या ग्रॅममागे दिले आहे की ओल्या मांसाच्या, हे न पाहता दोन अभ्यासांची तुलना केली तर शंभरपट चूक होऊ शकते, कारण शिंपल्यांत चरबी एक-दोन टक्केच असते.

या पुस्तकात कासिमेडूच्या बाजारात येणारी सर्व मासळी एकाच मापाने मोजलेली नाही. मराठी वाचकाला सुरमई म्हणून ठाऊक असलेला वंजरम खुल्या समुद्रातून येतो आणि शहराच्या सांडपाण्याशी त्याचा संबंध अल्प. एन्नोर किंवा अड्यारच्या मुखाशी धरलेली बोय, चिखलात हातांनी चाचपून पकडलेली कोळंबी आणि बंधाऱ्यावरून खरवडलेली शिनाणी यांचे तसे नाही. ही मासळी पकडणारी इरुलर आदिवासी आणि मच्छीमार कुटुंबे ती विकतात तशी स्वतःही खातात, आणि त्यांची थाळी शहरातील सरासरी थाळीवरून ठरवली तर त्यांच्यावरचा भार हिशेबातून निसटतो.

जर्मनीत मासे आणि शिनाणी यांचे नमुने दरवर्षी गोळा करून अतिशीत तापमानात जपून ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे, आणि त्या जुन्या नमुन्यांतून १९९० च्या दशकापासूनचा कस्तुरीचा चढउतार मागाहून वाचता आला. कारखान्यांनी कोणती कस्तुरी वापरणे केव्हा सोडले, हे माशांच्या मांसातून दिसले. चेन्नईत याची सुरुवात करण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एन्नोरचे मुख, कासिमेडूचा बंधारा, कूवम आणि अड्यार यांची मुखे आणि तुलनेसाठी कोवळम, एवढ्या ठिकाणांहून वर्षातून दोनदा, ईशान्य पावसाच्या आधी आणि नंतर, एकाच आकाराची हिरवी शिनाणी घेऊन त्यांतील अर्धी लगेच तपासावीत आणि अर्धी गोठवून ठेवावीत. आज बहुवलयी कस्तुरीच्या जागी मोठ्या कड्यांचे नवे रेणू येऊ लागले आहेत. ते मोजण्याच्या पद्धती जेव्हा सिद्ध होतील, तेव्हा या वर्षांतील पाण्यात ते होते की नव्हते, हे पाहण्यासाठी गोठवलेली शिनाणी हाताशी असली पाहिजेत.